न्यूयॉर्ककर आणि माझी पिवळी खुर्ची

अन्सेल्मो किन्योनेस आमच्या शेजारी राहायला आला तो ऑक्टोबरातला मंगळवार होता. बुधवारी संध्याकाळी त्यानं कचऱ्याच्या चार काळ्या पिशव्या घराच्या पुढच्या फुटपाथवर आणून रचल्या. पुढच्या, बरं का. माझ्या शेवंतीच्या कुंड्यांपासून हातभर अंतरावर. मी खिडकी वर सरकवली आणि विचारलं, "काय हो, प्रदर्शन भरवलंय की काय?"

त्यानं टोपी काढली. "बाई, उद्या गुरुवार. कचऱ्याची गाडी यायचा दिवस."

"गाडी येते ती मागे, बोळात. शिकागो आहे हे."

"बोळात?" तो असा बघत राहिला, की मी जणू त्याला कचरा चर्चमध्ये नेऊन ठेवायला सांगितलं.

मी हेलेना कुरेक. वय विचारू नका, ते माझे गुडघे सांगतात. जन्म इथल्या अवॉनडेल वस्तीत, याच रस्त्यावरचा, आणि लग्न होऊन गेले ती चार घरं पलीकडे. आमच्याकडे घरांच्या ओळीमागे बोळ असतो. पुढच्या अंगाला पायऱ्या, फुलं, मेरीमातेची मूर्ती. गॅरेज, चाकांचे काळे डबे, विजेच्या तारा, फुटका नळ आणि नवराबायकोची भांडणं, हे सगळं मागे. पुढचं दार पाहुण्यांचं आणि पोस्टमनचं. घरचं माणूस मागच्या फाटकातून येतं. आमच्या शहराचे पुढचे रस्ते एवढे नीटनेटके कसे, असं कुणी विचारलं की मी म्हणते, आम्ही घाण करत नाही असं नाही, आम्हाला ती ठेवायला जागा आहे.

न्यूयॉर्कमध्ये ती जागा नाही. तिथे बोळ म्हणून प्रकारच नाही, त्यामुळे ज्याचा कचरा त्याच्या दारापुढे, पिशव्यांवर पिशव्या. आणि हा अन्सेल्मो तिथल्या ब्रॉन्क्समध्ये एकोणतीस वर्षं त्याच पिशव्या उचलून गाडीत फेकत होता. गाडीच्या मागच्या पायरीवर उभं राहून अख्खं आयुष्य काढलेला माणूस. बुटका, खांदे दरवाजाएवढे, पाठ थोडी वाकलेली, आणि मिशा अशा कातरलेल्या की पट्टी लावून बघाव्यात. त्या चार पिशव्यांच्या गाठीसुद्धा एकसारख्या होत्या. मी तेव्हा बोलले नाही, पण माझ्या नजरेनं ते टिपलं.

त्याची मुलगी यारित्झा माझी शेजारीण. हॉस्पिटलात नर्स आहे, गुणाची पोर, फक्त झोप कमी. आई वसंतात गेली आणि बाप चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात एकटा, वर हृदयाची एक झडप कुरकुरणारी. हिनं हातापाया पडून त्याला आणलं. हिवाळाभर राहा, नाही आवडलं तर जा, या बोलीवर. तो एक मोठी निळी बॅग घेऊन आला आणि ती त्यानं खोलीच्या दाराशी उभी करून ठेवली.

"मी कपाट रिकामं करून दिलंय," यारित्झा कुंपणावरून मला सांगत होती. "कप्प्यांत कागदसुद्धा घातले नवीन. पण पापी सकाळी बॅगेतून शर्ट काढतो आणि धुऊन वाळला की परत बॅगेतच घडी घालून ठेवतो. मार्चच्या दुसऱ्या शनिवारचं तिकीट त्याच बॅगेच्या खिशात आहे." 'पापी' म्हणजे त्यांच्यात बाबा. मला आधी ते ऐकून कसंसंच व्हायचं, मग सवय झाली. "तो परत गेला ना हेलेना आँटी, तर त्या जिन्यावर एक दिवस कुणालातरी सापडेल," ती म्हणाली आणि डोळे पुसून ड्यूटीवर गेली.

मला वाटलं, जाईना का. मला काय त्याचं.

पण रोज सकाळी मागच्या बोळात आमची गाठ पडायचीच. तो मला 'दोन्या हेलेना' म्हणायचा, त्यांच्याकडे बाईमाणसाला मान देऊन असंच बोलतात. मी त्याला 'न्यूयॉर्ककर' म्हणायचे, आणि त्यात मान किती होता ते देव जाणे.

"काय न्यूयॉर्ककर, सापडला का बोळ?"

"सापडला, दोन्या हेलेना. मला वाटलं होतं बोळ म्हणजे चोरांची जागा. इथे तर लोक मुलांना सायकल शिकवतायत."

"आणि तुमच्याकडे मुलं पिशव्यांवरून उड्या मारत शाळेत जातात."

"जातात. पाय मजबूत होतात त्यांचे."

उंदरांवरून तर आमचं रोज जुंपायचं. तो म्हणायचा, इथले उंदीर जास्त. मी म्हणायचे, काहीतरीच काय, तुमच्याकडे ते रेल्वेनं फिरतात. "आमचे फिरतात, कारण त्यांना कामं असतात," तो म्हणायचा. "तुमचे बोळातच जन्मतात, बोळातच जाडे होतात आणि बोळातच मरतात. जग म्हणून बघत नाहीत." मी हसू दाबायचे. हसलं की माणूस शेफारतो, हा माझा अनुभव आहे.

कचऱ्यातलं त्याला एवढं कळायचं की मला आपलं अप्रूप वाटायचं. पिशवी हातात घेऊन सांगायचा, यात काच आहे, यात ओली पानं. आमचे डबे यंत्र उचलतं, तेव्हा तो तिथे उभा राहून बघायचा, जसं निवृत्त मास्तर दुसऱ्याच्या वर्गाबाहेर रेंगाळतात. "झाकण पुरतं मिटलं नाही तर घुशींना आमंत्रण," म्हणून अख्ख्या बोळातली झाकणं दाबत जायचा. नोव्हेंबरात आमच्या बोळातल्या घुशी खरोखर कमी झाल्या. मी तेही बोलले नाही.

आणि एक त्याचा शब्द होता, मोंगो. कचऱ्यात आलेली, पण अजून जीव असलेली वस्तू म्हणजे मोंगो. ब्रॉन्क्समधले त्याचे सोबती असंच म्हणायचे. त्याच्या हातातलं घड्याळ मोंगो, टोस्टर मोंगो, डॉमिनोचा डबा मोंगो, त्यातली हरवलेली एक सोंगटी त्यानं बटणाची केलेली. "माझ्या घरात बायको सोडली तर सगळं मोंगो होतं," तो म्हणायचा. "आणि बायको म्हणायची, मी नाही, मोंगो तू आहेस. मी तुला फुटपाथवरून उचलला."

डिसेंबरात त्यांच्याकडून नाताळचे भाताचे आणि केळीच्या पानातले पदार्थ आले, माझ्याकडून पियेरोगी गेले, म्हणजे आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या. जानेवारीत एक दिवस यारित्झा धावतच कुंपणाशी आली. "आँटी, मोजे. पापीनं मोज्यांचे दोन जोड कप्प्यात ठेवलेत." दोन जोड मोजे, पण पोरीचा चेहरा असा, की घरात पाळणा हलला. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच बरं वाटलं.

आणि मग फेब्रुवारीत बर्फ पडला.

चौदा इंच. आमच्याकडे बर्फ पडला की एक रीत आहे. रस्त्याच्या कडेला आपल्या गाडीपुरती जागा ज्यानं फावड्यानं मोकळी केली, त्याची ती जागा. गाडी घेऊन बाहेर जायचं असलं की त्या जागेत घरातलं काहीतरी जुनंपानं ठेवून जायचं. कुणी बादली ठेवतं, कुणी इस्त्रीचं टेबल, कुणी एका हाताचा पुतळा. कायद्यात हे नाही, पण कायद्यात बरंच काही नाही. त्या वस्तूला कुणी हात लावत नाही. सख्खे भाऊ हिश्शावरून कोर्टात गेलेले मी पाहिलेत, पण एकमेकांच्या बादलीला त्यांनी कधी बोट लावलं नाही.

माझी वस्तू म्हणजे स्टासची पिवळी खुर्ची. स्टास माझा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला. स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्यांतली ती एक, स्टीलचे पाय, पिवळं रेग्झिन. तो तिच्यावर बसून बूट घालायचा. रेग्झिन फाटलं, मी चिकटपट्टी लावली. एक पाय वाकला, स्टासनं तिला बढती दिली आणि रस्त्यावर नेमणूक केली. तेव्हापासून दर हिवाळ्यात आमची जागा ती सांभाळते. स्टास गेल्यावर कपडे वाटले, अवजारं वाटली. ती खुर्ची वाटली नाही.

गॅरेज अडगळीनं भरलेलं, म्हणून माझी गाडी रस्त्यावरच. त्या सकाळी या गुडघ्यांवर दोन तास फावडं चालवलं, जागा केली, मधोमध खुर्ची ठेवली आणि डॉक्टरकडे गेले. परत आले तर खुर्ची नाही, आणि माझ्या जागेत कुणाची तरी लाल गाडी. मला चार चौक पलीकडे गाडी लावून बर्फातून चालत यावं लागलं, हातात पाच किलो पीठ. त्या चालण्यात मी जे जे म्हणाले ते मेरीमातेनं ऐकलं नसावं अशी माझी आशा आहे. घरी येऊन पुठ्ठा घेतला, जाड लेखणीनं लिहिलं: 'खुर्ची चोरणाऱ्या चोरा, मेलेल्या माणसाची वस्तू नेलीस. तुला कधी बसायला जागा मिळू नये. हेलेना कुरेक.' आणि दिव्याच्या खांबाला बांधला. संध्याकाळपर्यंत अख्खा रस्ता चोर शोधत होता.

चोर माझ्या भिंतीपलीकडे, तळघरात बसून त्या खुर्चीला नवं रेग्झिन ताणत होता.

त्याचं तरी काय चुकलं? ब्रॉन्क्समध्ये एकोणतीस वर्षं, रस्त्याच्या कडेला जे उभं ते टाकलेलं. पाय वाकलेला, बैठकीला पट्टी, अंगावर बर्फ. त्याला ती दिसली आणि त्याचा जीव कळवळला. मोंगो. उचलली आणि आत नेली. यारित्झा बर्फामुळे तीन दिवस हॉस्पिटलातच, सांगणार कोण? तीन दिवस तळघराबाहेर न पडता त्यानं पाय सरळ केला, गंज घासला, स्क्रू बदलले. चौथ्या दिवशी दूध आणायला निघाला आणि खांबावरचा पुठ्ठा वाचला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास मी कचरा टाकायला मागे गेले, तर फाटकात एक चिठ्ठी खोचलेली: 'दोन्या हेलेना, मी चोर नाही. मला वाटलं कचरा आहे. खुर्ची इथेच ठेवली आहे. माफ करा. अन्सेल्मो.'

मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. डबा होता, खुर्ची नव्हती.

मी तशीच, घरातल्या सपाता घालून, त्याच्या मागच्या दारावर धडकले. "कुठे ठेवलीत?"

त्यानं दार उघडलं. चेहरा पांढरा पडलेला. मागे खोलीचं दार उघडं होतं, निळी बॅग पलंगावर, आणि मोज्यांचे दोन्ही जोड तिच्यात परत गेलेले. "तुमच्या फाटकाशी. डब्याच्या शेजारी."

"डब्याच्या शेजारी? बोळात?"

"पुढून यायची हिंमत झाली नाही. आणि तुम्हीच म्हणालात ना, शिकागोत सगळा कारभार मागच्या दारानं."

मी तिथेच पायरीवर बसले. रागावू की हसू ते कळेना. "अहो शहाणे, बोळात डब्याशेजारी ठेवलेली वस्तू म्हणजे 'ज्याला हवी त्यानं न्यावी.' भंगारवाले दिवसभर बोळातूनच फिरतात. त्यात स्टीलची खुर्ची, ती अर्धा तास तरी टिकेल का? पुढे ठेवलेली वस्तू तुम्ही उचललीत आणि मागे टाकून आलात. दोन्ही बाजूंनी उलटं."

तो हळूच म्हणाला, "माझं आयुष्य कचऱ्यात गेलं, दोन्या हेलेना. कुणी मला घाणेरडा म्हणालं, कुणी वासाचा म्हणालं. चोर कुणी म्हणालं नव्हतं." आणि तो खुंटीवरचा कोट काढायला वळला. "साडेदहाला ठेवली होती मी. किती वाजता गेली असेल?"

"अकराच्या आत. मी आले तेव्हा नव्हतीच."

"मग तो भंगारवाला लांब नाही गेलेला. गाडी आहे ना तुमची?"

गाडी होती, आणि आज माझ्या स्वतःच्या जागेत होती, कारण लाल गाडीवाल्याला पुठ्ठा वाचून लाज वाटली होती. आता ती काढायची म्हणजे जागा उघडी टाकायची. मी आत जाऊन इस्त्रीचं टेबल आणलं, तिथे उभं केलं आणि त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हे मोंगो नाही." तो म्हणाला, "नाही, बाईसाहेब."

मग आम्ही निघालो, बोळाबोळातून. बर्फात माझी जुनी ब्यूइक म्हशीसारखी डुलत होती. मला वाटलं होतं उगाच फिरू आणि परत येऊ. पण हा माणूस खिडकी उघडून बाहेर डोकावत होता आणि बोळ वाचत होता.

"इथे नका वळू, इथे तो आला नाही. तो बघा पत्रा तसाच पडलाय, आणि पाण्याची जुनी टाकी. लोखंड शिल्लक आहे तिथे तो पोचलेला नाही." पुढच्या बोळाशी म्हणाला, "इथे आलाय. गादी ठेवलीय, लाकूड ठेवलंय, पण धातूचा एक तुकडा नाही. चाकांच्या खुणाही ताज्या. उत्तरेला गेलाय."

मी वळवली. "एकोणतीस वर्षं हे करायचात?"

"हे नाही. हे मला असतं तर," त्यानं बोळाकडे हात केला, "तर माझी पाठ आज सरळ असती. आम्ही दोन उभ्या गाड्यांमधून पिशव्या ओढायचो, मागे हॉर्न वाजतायत, वरून शिव्या पडतायत. ऑगस्टात पिशवी फुटली की बुटात जायचं सगळं. एवढी मोकळी जागा, मागे कुणाच्या अध्यात ना मध्यात. राजाचं काम आहे हे."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं शिकागोला चांगलं म्हटलं. माणूस पडतं घेतो तेव्हा आपणही घ्यावं, म्हणून मी म्हणाले, "राजाचं खरं, पण इथे कोण कधी मेलं ते कळत नाही. डबे सगळे सारखे. झाकण लावलं की संपलं."

"आमच्याकडे कळतं," तो म्हणाला. "पिशवीवरून कळतं. कुणाकडे बाळ आलं, कोण दारू प्यायला लागलं. माझी कार्मिता गेली तेव्हा मी तिचे कपडे भरून खाली ठेवले. चार पिशव्या. त्या दिवशी फेरीला माझेच जुने सोबती होते. मी वरून खिडकीतून बघत होतो. त्यांनी बाकीच्यांच्या पिशव्या गाडीच्या जबड्यात फेकल्या. त्या चार नाही फेकल्या. उचलून पुढे नेल्या, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवल्या, आणि गाडी गेली. दोघांपैकी कुणीही वर बघितलं नाही. मला रडायला मोकळीक दिली त्यांनी. असे लोक इथे मला कोण मिळणार, म्हणून जायचं होतं परत."

मी आपली गाडी चालवत राहिले. चोर म्हणून पुठ्ठा लावला होता मी या माणसाच्या नावानं. लाज वाटली, अगदी खालपर्यंत वाटली.

आठव्या बोळात तो सापडला. फळ्या ठोकून उंच केलेला जुना ट्रक, आत नळ, सळ्या, कपडे धुण्याचं मशीन, आणि ट्रकच्या मागे माझ्या पिवळ्या खुर्चीवर बसून एक उंच म्हातारा थर्मासमधली कॉफी पीत होता. नाव सायलस, हे नंतर कळलं.

मी गाडीतून उतरतानाच म्हणाले, "ती खुर्ची माझी आहे."

"होती," सायलस म्हणाला. बसूनच. "बोळातलं ते बोळातल्याचं, ताई. तुम्ही इथल्याच दिसता, तुम्हाला माहीत असेल."

"बरोबर आहे त्यांचं," अन्सेल्मो म्हणाला.

मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर बर्फात रुतला असता. "तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?"

"नियम आहे, दोन्या हेलेना. आधीच दोन मोडलेत मी, तिसरा नको." मग तो सायलसपुढे जाऊन उभा राहिला, टोपी काढून. "मी ब्रॉन्क्सचा. कचऱ्याच्या गाडीवर एकोणतीस वर्षं."

सायलसनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि कॉफीचा पेला पुढे केला. "तुमच्याकडे कचरा फुटपाथवर ठेवतात म्हणे. लोकांच्या नाकासमोर."

"ठेवतात."

"बाप रे. आणि माणसं चिडत नाहीत?"

"चिडतात ना. पण पिशवीवर नाही, आमच्यावर."

झालं. दोघांची गाडी सुरू झाली. कुठला धातू जड, कुठल्या शहरात मोठे डबे, कुठे छोटे, सायलसच्या फिलाडेल्फियातल्या मेव्हण्याची कंबर कशी गेली. मी थंडीत उभी. नाक लाल झालं माझं. शेवटी खाकरले, तेव्हा अन्सेल्मोनं मुद्द्याला हात घातला. यारित्झाच्या तळघरात खोली गरम करायचा जुना ओतीव लोखंडाचा रेडिएटर पडून आहे, तो घ्या आणि खुर्ची द्या.

"ओतीव?" सायलस ताडकन उठला. "खुर्चीच्या दहापट भरेल तो. पण खरं सांगू, ही मी वितळवायला नेणार नव्हतोच. बसलो तेव्हाच कळलं, डगमगतच नाही. कुणीतरी जीव लावून केलंय. भंगारात अशी वस्तू येत नसते." अन्सेल्मोचे कान लाल झाले, थंडीनं नव्हे.

खुर्ची माझ्या हातात आली. पिवळंच रेग्झिन, नवं, कडेला पितळी खिळे एका ओळीत. मी म्हणाले, "पिवळं कुठून मिळवलंत?"

"मोंगो. ते राहू द्या, खालून बघा. फळी मी बदलली नाही, ती बघितल्यावर बदलवेना."

मी खुर्ची उलटी केली. बैठकीखालच्या फळीवर चाकूनं ओढलेल्या बारीक रेघा. पाच-पाचांचे जुडगे, नीट. मी मोजल्या. सत्तावीस.

"हे काय आहे ते मला कळलं नाही," अन्सेल्मो म्हणाला. "पण हे मोजलेलं आहे, एवढं कळलं. टाकलेल्या वस्तूवर कुणी मोजत नाही. तेव्हाच शंका आली होती. मग पुठ्ठा वाचला."

मला कळलं. "सत्तावीस हिवाळे," मी म्हणाले. "त्याला जाऊन आता चार झाले." स्टासनं दर हिवाळ्यात ही बाहेर काढताना एक रेघ ओढली होती, आणि मला, जी बाई त्याच्या खिशातली चिल्लरसुद्धा ओळखायची तिला, एका अक्षरानं बोलला नव्हता. मी बोळात, दोन परक्या पुरुषांपुढे, घरातल्या सपातांवर, रडले. दोघंही बोळाच्या दुसऱ्या टोकाला बघत राहिले, जसं तिकडे फार काही चाललंय.

मग अन्सेल्मोनं खिशातला चाकू उघडून माझ्यापुढे धरला. "चार राहिल्यात, दोन्या हेलेना."

मी चार रेघा ओढल्या. वाकड्या आल्या.

घरी आल्यावर इस्त्रीचं टेबल जागच्या जागी होतं. मी खांबावरचा पुठ्ठा काढला, उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं: 'खुर्ची सापडली. चोर कुणी नव्हता. मूर्ख मात्र एक होती. हेलेना कुरेक.' आठ दिवस तो तसाच ठेवला. येणारेजाणारे वाचून हसायचे. हसू देत, चूक रस्त्यावर केली होती, फेडायचीही रस्त्यावरच.

सायलस रेडिएटर घेऊन गेला आणि नंतर दर मंगळवारी कॉफीला यायला लागला. तिघं बोळातच बसायचो, गॅरेजचं दार वर करून. पण बॅगेचं कुणी बोलेना. यारित्झाला मी रोज नजरेनंच विचारायचे, मोजे? ती मान हलवायची. मोजे बॅगेतच होते, आणि तिकीटही. एकदा मी न राहवून त्याला विचारलं, "मग काय न्यूयॉर्ककर, शनिवारी जाणार?" तो म्हणाला, "तिकीट तर आहे." याला काय उत्तर म्हणायचं.

शुक्रवारी रात्रभर बर्फ पडला. मार्चमध्ये, हो. आमच्याकडे मार्चला लाज नाही. शनिवारी सात वाजता मी पडदा सारला. माझी गाडी दुरुस्तीला गेलेली, जागेत पिवळी खुर्ची एकटीच. यारित्झा सहालाच ड्यूटीवर गेली होती. तिच्या गाडीची जागा फावड्यानं काढलेली, कडा अशा सरळ की पट्टी लावून बघाव्यात. आणि त्या जागेत मधोमध ती निळी बॅग उभी होती.

मी खिडकीशी उभी राहिले ती राहिलेच. आता याचा अर्थ काय लावायचा? ब्रॉन्क्सच्या हिशेबानं रस्त्याच्या कडेला ठेवली म्हणजे निघालाय, टॅक्सी येईल आणि बॅग घेऊन जाईल. आमच्या हिशेबानं म्हणजे... पण त्याला आमचा हिशेब कळलाय की नाही? बॅग भरलेली आहे की रिकामी, एवढं कळलं असतं तर पुरे होतं. पण जागेत ठेवलेल्या वस्तूला मी साठ वर्षांत कधी हात लावलेला नाही, आणि त्यात हात लावण्यावरून मीच एवढा तमाशा केलेला. चहा गार झाला. आठ वाजले. टॅक्सी आली नाही.

सव्वाआठला वारा उठला, आणि बॅग उडाली. उडालीच, अक्षरशः, कागदासारखी, बर्फावरून घसरत माझ्या जागेत आली आणि पिवळ्या खुर्चीच्या पायांना अडकली. झाकण उघडं पडलं. आत मोजासुद्धा नव्हता.

मी बूट घातले, मागे गॅरेजमध्ये गेले आणि दोन विटा घेतल्या. पुढे येऊन बॅग उचलून तिच्या जागेत नेली, उभी केली, विटा आत ठेवल्या आणि चेन ओढली. वर बघितलं तर तो पायऱ्यांवरच्या काचेच्या दारामागे उभा होता, मिशा कातरून, घरातल्या सपाता घातलेला.

"हात लावलात तुम्ही," तो काचेमागून म्हणाला.

"लावला. वारा न्यूयॉर्कच्या दिशेनं चालला होता," मी म्हणाले, आणि कॉफी टाकायला आत गेले.